गृहकर्जाचा दर : तो कोठे ठरतो आणि कोठे उतरतो

गृहकर्जाच्या व्याजदरातील अर्धा टक्का कागदावर क्षुल्लक दिसत असला, तरी ५० लाख रुपयांच्या आणि २० वर्षे मुदतीच्या कर्जाला तो किती महाग पडतो हे मांडून पाहण्यासारखे आहे : साडेआठ टक्के दराने महिन्याचा हप्ता ४३,३९१ रुपये बसतो, आठ टक्क्यांनी ४१,८२२ रुपये, आणि हा १,५६९ रुपयांचा फरक २४० हप्त्यांत पावणेचार लाखांच्या थोडा पुढे जातो. दर उतरल्यावरही कर्जदाराने हप्ता ४३,३९१ रुपयांवरच कायम ठेवला, तर तेच कर्ज २२० महिन्यांत फिटते, शेवटचे २० हप्ते भरावेच लागत नाहीत आणि बचत साडेआठ लाखांच्या वर जाते. म्हणजे दर कमी होणे ही एक गोष्ट आणि त्या घटीचे पुढे काय करायचे ही दुसरी, आणि या दोहोंची गल्लत झाली की कमी दराचे कर्जही महाग ठरू शकते. कमी दर मिळवण्याचे उपाय म्हणून जे सर्रास सांगितले जातात त्यांतील बरेचसे दराला हातच लावत नाहीत, ते फक्त व्याजाची एकूण रक्कम घटवतात. आणि जे खरोखर दराला हात लावतात, त्यांतील बहुतेक कर्ज मंजूर होण्याआधीच वापरावे लागतात.

दर कोठे उतरवता येतो हे कळण्यासाठी तो कसा बनतो हे आधी पाहावे लागते. बदलत्या, म्हणजे फ्लोटिंग, व्याजदराचे दोन भाग असतात : एक आधारदर, जो बाजाराबरोबर किंवा रिझर्व्ह बँकेच्या धोरणाबरोबर हलतो, आणि दुसरा त्यावर बँकेने चढवलेला अधिभार, ज्याला बँकेच्या भाषेत स्प्रेड म्हणतात. गेल्या दोन दशकांत भारतात या आधारदराची व्याख्या तीन वेळा बदलली, आणि प्रत्येक बदलामागे तक्रार एकच होती, ती म्हणजे दर चढताना कर्जदाराला ताबडतोब कळते आणि उतरताना बातमी पोहोचतच नाही. २००३ नंतर बँका बीपीएलआर नावाचा प्रमुख कर्जदर जाहीर करीत, पण प्रत्यक्षात अनेक कर्जे त्याच्याही खालच्या दराने दिली जात असल्याने त्या आकड्याला फारसा अर्थ उरला नव्हता. १ जुलै २०१० पासून त्याच्या जागी 'बेस रेट' आला, ज्याच्या खाली कर्ज देण्यास बँकांना, काही अपवाद वगळता, मनाई होती. १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर, म्हणजे बँकेला नव्याने निधी उभारण्यासाठी येणाऱ्या सीमांत खर्चावर बेतलेला दर, लागू झाला. गृहकर्जे बहुधा एक वर्षाच्या एमसीएलआरला जोडलेली असत आणि त्यांचा दर वर्षातून एकदाच बदले, त्यामुळे फेब्रुवारीत झालेली कपात एखाद्या कर्जदाराच्या खात्यात पुढच्या जानेवारीत उतरत असे.

या तिन्ही पद्धतींत एक दोष समान होता : आधारदराचा हिशोब बँक स्वतःच करी आणि त्यातील आकडे बाहेरच्याला तपासता येत नसत. रिझर्व्ह बँकेने जनक राज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अंतर्गत अभ्यासगटाने २०१७ मध्ये हा दोष नेमका दाखवून दिला आणि आधारदर बँकेच्या हाताबाहेरचा असावा अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०१९ पासून झाली : त्या तारखेनंतर व्यापारी बँकांनी दिलेली बदलत्या दराची सर्व नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाला जोडणे सक्तीचे झाले, हा मानदंड म्हणून बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला, आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरवणे बंधनकारक झाले. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देते तो दर. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला हा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला, दोन वर्षे तेथेच थांबला, आणि २०२५ मध्ये चार टप्प्यांनी उतरून डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. यातील एकाही हालचालीवर कर्जदाराचा काडीचाही ताबा नसतो. दर पुढे उतरतील या अंदाजावर घराची खरेदी लांबवणारे लोक असतात, पण बदलत्या दराच्या कर्जात या वाट पाहण्याला फारसे कारण नाही, कारण कर्ज आधी घेतले तरी पुढची कपात त्यालाही लागू होतेच.

ताबा चालतो तो स्प्रेडवर. एखाद्या मंजुरीपत्रात दराची ओळ 'रेपो ५.२५ अधिक स्प्रेड २.६५, एकूण ७.९०' अशी असेल, तर त्यातील पहिला आकडा साऱ्या देशासाठी एकच आहे आणि दुसरा केवळ त्या कर्जदारासाठी, त्या दिवशी, त्या शाखेत ठरलेला आहे. २०१९ च्या नियमांनुसार स्प्रेडमधील जोखमीचा हिस्सा कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाल्याशिवाय बदलता येत नाही, आणि उरलेले घटक तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतात. वाढीपासून मिळणारे हे संरक्षण मोलाचे आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की मंजुरीच्या दिवशी गाफीलपणे मान्य केलेला जादा स्प्रेड पुढे अनेक वर्षे कर्जाला चिकटून राहतो. त्यामुळे दोन बँकांची तुलना करताना एकूण दरापेक्षा स्प्रेडचा आकडा विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. २०२५ मध्ये रेपो दर झपाट्याने खाली आला तेव्हा काही बँकांनी नव्या कर्जदारांसाठीचा स्प्रेड वाढवला, आणि कपातीचा काही भाग अशा रीतीने बँकेकडेच राहिला. ज्यांनी त्या काळात केवळ 'दर किती' एवढेच विचारले, त्यांना आकडा आकर्षकच वाटला असणार.

स्प्रेडवर परिणाम करणाऱ्या गोष्टींत पतगुणांकाचे स्थान पहिले आहे. भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि त्यांतील सिबिलचे नाव इतके रुळले आहे की बोलण्यात गुणांकालाच 'सिबिल' म्हटले जाते. हा गुणांक ३०० ते ९०० यांदरम्यान असतो, आणि अनेक बँकांच्या दरपत्रकात त्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासमोर वेगळा दर लिहिलेला असतो. ७५० च्या वरचा गुणांक साधारणतः चांगला समजला जातो. गुणांक सुधारण्याचे जे मार्ग आहेत ते निरस आणि संथ आहेत : हप्ते व क्रेडिट कार्डाची बिले वेळेवर भरणे, कार्डाच्या मर्यादेचा थोडाच भाग वापरणे, आणि गृहकर्जाच्या आधीच्या काही महिन्यांत नव्या कर्जांसाठी जागोजागी अर्ज न करणे, कारण असा प्रत्येक अर्ज पतअहवालात चौकशी म्हणून नोंदला जातो. ऑनलाइन दलालामार्फत एकाच वेळी आठ-दहा संस्थांकडे अर्ज टाकणे या दृष्टीने अंगाशी येऊ शकते.

खरा लाभ मात्र पतअहवाल बारकाईने वाचण्यात असतो, आणि तो फार थोडे लोक वाचतात. अहवालात प्रत्येक कर्जासमोर महिन्यांची एक पट्टी असते आणि त्या त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला गेला याचा आकडा तीत लिहिलेला असतो. शेजारी खात्याची स्थिती असते. कधीच न वापरलेल्या कार्डाचे काहीशे रुपयांचे वार्षिक शुल्क थकलेले असते आणि त्यामुळे त्या पट्टीत वर्षभर थकबाकी दिसते, किंवा जुने कर्ज बँकेशी तडजोड करून थोड्या रकमेत मिटवलेले असते आणि त्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शिक्का असतो. कर्जदाराच्या मते दोन्ही प्रकरणे संपलेली असतात, पण कर्ज मंजूर करणाऱ्याच्या नजरेत दुसरा शिक्का म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली याची नोंद असते. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि ती उलटल्यास तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून अमलात आहे. त्यामुळे हे काम घर शोधायला लागण्याच्या निदान चार-सहा महिने आधी हाती घ्यावे लागते. सौदा ठरून विसार दिल्यानंतर गुणांक पाहणाऱ्याकडे घासाघीस करण्यासाठी वेळ उरत नाही, आणि विक्रेत्याला द्यायची तारीख तोंडावर आलेली असल्यामुळे समोर येईल तो दर तो पत्करतो.

दुसरा घटक घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती आहे हा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठे ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरता येत नाही. हे प्रमाण जितके वरच्या टोकाला, तितके बँकेला त्या कर्जापोटी अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागते आणि काही बँका तो भार दरात मिळवतात. पदरचे दोन-चार लाख अधिक घालून प्रमाण खालच्या टप्प्यात आणता येत असेल, तर तसा प्रश्न बँकेला विचारावा, कारण त्या वाढीव रकमेवर व्याज तर वाचतेच, पण उरलेल्या संपूर्ण कर्जाचा दरही कधीकधी उतरतो. महिला मालक वा मुख्य कर्जदार असल्यास अनेक संस्था दरात अल्पशी, बहुधा ०.०५ टक्क्यांची, सवलत देतात. महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, आणि रकमेने पाहता ही सूट दरातील सवलतीपेक्षा पहिल्याच दिवशी कितीतरी जड भरते.

नोकरदाराला व्यावसायिकापेक्षा थोडा स्वस्त दर मिळतो हे सर्वज्ञात आहे. मालमत्तेच्या कागदपत्रांचा दरावर होणारा परिणाम मात्र दुर्लक्षित राहतो, आणि महाराष्ट्रात तो विशेष मोठा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या, महारेराकडे नोंदलेल्या आणि बँकेने आधीच तपासून मान्य केलेल्या प्रकल्पातील सदनिकेला जो दर मिळतो, तो गावठाणातील घराला, गुंठेवारीतील भूखंडावरील बांधकामाला किंवा बिगरशेती आदेश नसलेल्या जमिनीवरील बंगल्याला मिळेलच असे नाही. अनेकदा मोठ्या बँका अशी प्रकरणे घेतच नाहीत आणि कर्जदाराला चढ्या दराच्या गृहवित्त कंपनीकडे जावे लागते. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाढत्या हद्दीवर 'स्वस्तात' मिळालेल्या घराची किंमत मांडताना हा वाढीव व्याजाचा भाग सहसा कोणी मोजत नाही. गुंठेवारी नियमित करून घेतल्यास किंवा जुन्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मिळवल्यास तेच घर कमी दराच्या बँकेला तारण म्हणून चालू शकते.

मंजुरीच्या टेबलावर घासाघीस चालते, याची बहुसंख्य कर्जदारांना कल्पना नसते. पगारखाते असलेल्या बँकेचे मंजुरीपत्र हातात घेऊन दुसऱ्या बँकेत जाणे आणि दुसरीचे घेऊन पहिलीत परतणे हा जुना आणि अजूनही चालणारा उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांबरोबर मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे केएफएस, देणे बंधनकारक झाल्यामुळे तो अधिक सोपा झाला आहे. या पत्रकात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो, आणि त्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी व मूल्यांकनाचा खर्च आणि बँकेमार्फत घेतलेल्या विम्याचा हप्ताही मिळवलेला असतो. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी हे पत्रक किमान तीन कामकाजी दिवस वैध राहते, म्हणजे कर्जदाराला ते घेऊन दुसरीकडे जाण्याची मुभा आहे. नमूद दर ७.९० आणि एपीआर ८.१५ अशी तफावत दिसली, तर बहुधा ती कर्जरक्षक विम्याच्या एकरकमी हप्त्यामुळे असते, जो कर्जातच मिळवला जातो आणि ज्यावर पुढे २० वर्षे व्याज चढते. असा विमा बँकेकडूनच घेण्याची सक्ती नाही, कर्जाइतक्या रकमेचा साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घेता येतो, आणि 'विमा घेतला तर दर कमी' या प्रस्तावाची शहानिशा दोन्ही एपीआर शेजारी ठेवल्याशिवाय करता येत नाही. सणासुदीच्या 'प्रोसेसिंग फी माफ' या सवलतींचाही हाच न्याय : लाखाच्या मागे दोनचारशे रुपये वाचवून पाव टक्का जादा स्प्रेड स्वीकारणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

सुरुवातीला कमी आणि नंतर चढत जाणाऱ्या दराची कर्जे हा वेगळाच अध्याय. २००९ मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षासाठी आठ टक्के दराची योजना आणली, इतरांनी तिचे अनुकरण केले, आणि कर्जदारांना पुढचा हप्ता झेपेल का या शंकेने रिझर्व्ह बँकेने २०१० च्या अखेरीस अशा कर्जांसाठी करावयाची तरतूद दोन टक्क्यांवर नेली, त्यानंतर या योजना मावळल्या. आजही 'पहिली दोन-तीन वर्षे स्थिर, नंतर बदलता' अशी कर्जे मिळतात, आणि त्यांत स्थिर काळानंतरचा स्प्रेड किती हे मंजुरीपत्रात शोधावे लागते.

कर्ज कोणाकडून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या चौकटीत दडलेले आहे. बाह्य मानदंडाची सक्ती व्यापारी बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. त्या स्वतःचा प्रमुख कर्जदर ठरवतात आणि तो कधी, किती बदलायचा हेही त्याच ठरवतात. नागरी सहकारी बँकाही या सक्तीबाहेर आहेत. त्यांचा दर एखादवेळी स्पर्धात्मक असतो, कागदपत्रांबाबत त्या समजून घेतात, आणि २०२२ मध्ये वैयक्तिक गृहकर्जाची मर्यादा लहान बँकांसाठी ६० लाख व इतरांसाठी १ कोटी ४० लाख रुपये झाल्याने त्यांची उपयुक्तता वाढली आहे. पण दर उतरण्याची हमी त्यांच्या करारात नसते. गृहवित्त कंपनीकडील कर्ज मात्र केवळ दर जास्त म्हणून टाकाऊ ठरत नाही, कारण अनियमित उत्पन्नाच्या कुटुंबाला बँक दारात उभे करीत नाही तेथे तीच उपयोगी पडते. तिच्याकडून सुरुवात करून दोन-तीन वर्षे हप्ते चोख भरायचे आणि नंतर बँकेत कर्ज हलवायचे, हा अनेकांसाठी व्यवहार्य क्रम आहे.

सरकारी व संस्थात्मक साहाय्याचा भाग आटोपशीरपणे सांगता येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०१७ च्या नियमांनुसार कमाल २५ लाखांपर्यंत घरबांधणी अग्रिम मिळतो. त्यावर सरळव्याज आकारले जाते आणि आधी मुद्दल व मग व्याज अशी फेड होते, त्यामुळे त्याचा दर बँकेच्या दराइतकाच दिसला तरी प्रत्यक्ष भार खूप हलका असतो. जुन्या प्रधानमंत्री आवास योजनेतील व्याज अनुदान बंद झाले असून सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते नव्या स्वरूपात आले आहे : वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, कमाल १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. ३५ लाखांची अट पाहता मुंबई किंवा पुणे शहराच्या मध्यभागातील खरेदीदाराला हे अनुदान जवळजवळ अप्राप्यच आहे, मात्र सोलापूर, अकोला, नांदेड यांसारख्या शहरांत त्याला अर्थ आहे. राहत्या घरासाठीची आयकराची सवलत आज केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला उरली आहे. राहत्या घराच्या वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजावर सर्वोच्च टप्प्यातील करदात्याला आठ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो, पण नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही.

चालू कर्जाचा दर उतरवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे ते दुसरीकडे हलवण्याची तयारी ठेवणे, ज्याला व्यवहारात टेकओव्हर किंवा बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. तो मोकळा झाला तो मुदतपूर्व फेडीवरील दंड उठल्यामुळे : बँकांच्या ग्राहकसेवेविषयीच्या दामोदरन समितीच्या शिफारशीनंतर रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड घेण्यास मनाई केली. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठीचे एकत्रित निर्देश हेच अधिक स्पष्ट करतात : व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, पैसे कोठूनही आणले असोत, दंड नाही आणि किमान काळाची अटही नाही. तरीही हलवणे फुकट नसते. नवी बँक मंजुरीपत्र देते, जुनी बँक बाकी रकमेचे पत्र देते ज्यात पुढच्या प्रत्येक दिवसाचे व्याज वेगळे लिहिलेले असते, नवी बँक त्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट काढते, आणि जुनी बँक मूळ कागदपत्रे बाहेर काढून देईपर्यंत काही दिवस जातात, ज्या काळात दोन्हीकडे व्याज चालू राहण्याचा धोका असतो. नव्या बँकेकडे हक्कलेख ठेवताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागते, गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन तीस दिवसांत दाखल करावी लागते, आणि सरसाई या केंद्रीय नोंदवहीतील जुना बोजा उतरवून नवा चढवावा लागतो.

हा खर्च किती दिवसांत वसूल होतो, यावर निर्णय व्हावा. बाकी मुद्दल ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षे आणि दर ९ वरून ८ टक्क्यांवर येत असेल, तर हप्ता ४०,५७१ वरून ३८,२२६ वर येतो. एकूण खर्च ४० हजार धरला तरी तो सुमारे १७ महिन्यांत भरून निघतो. बाकी १० लाख आणि मुदत चार वर्षे उरली असेल, तर तोच एक टक्का सगळे मिळून साडेबावीस हजार रुपयेच वाचवतो आणि खर्च वजा जाता हाती काही राहत नाही. पण खरा सापळा मुदतीचा आहे. वरच्या पहिल्या उदाहरणात नव्या बँकेने ८ टक्क्यांनी पुन्हा २० वर्षांचे कर्ज केले, तर हप्ता ३३,४५८ रुपयांवर उतरतो आणि कर्जदार खूश होतो. मात्र जुन्या कर्जावर तो एकूण ७३ लाख भरणार होता, आता ८० लाख ३० हजार भरतो. शिवाय याच वेळी 'टॉप-अप'चे आमिष दाखवले जाते आणि कमी दरासाठी सुरू झालेला प्रवास मोठ्या कर्जावर संपतो.

टेकओव्हरचा सगळ्यात स्वस्त उपयोग, तो प्रत्यक्ष न करता केवळ करण्याची तयारी दाखवण्यात आहे. दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र जोडून जुन्या बँकेला दर कमी करण्याची लेखी विनंती केली, की पुष्कळदा जुनी बँक स्प्रेड घटवते, आणि गृहवित्त कंपन्यांकडे तर यासाठी ठरलेले रूपांतर शुल्क असते, जे भरून कर्ज नव्या दरावर आणता येते. एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या पद्धतीतील कर्ज असणाऱ्याला बाह्य मानदंडावर येण्याचा हक्क २०१९ च्या परिपत्रकानेच दिला आहे, आणि त्यासाठी वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क घेता येत नाही. इतकी वर्षे लोटूनही अशी कर्जे शिल्लक आहेत, कारण बदलासाठी अर्ज कर्जदारानेच करायचा असतो.

दर न बदलता व्याज घटवण्याचे जे दोन मार्ग आहेत त्यांचा उल्लेख येथे एवढ्यासाठीच, की ते अनेकदा दरातील घट म्हणून विकले जातात. एक अंशतः मुदतपूर्व फेड : कर्जाच्या आरंभीच्या वर्षांत हप्त्यातील बहुतांश भाग व्याजात जात असल्याने तेव्हा भरलेली जादा रक्कम सर्वाधिक उपयोगी पडते, मात्र ती भरताना हप्ता नको, मुदत कमी करा, असे लेखी सांगावे लागते. दुसरा ओव्हरड्राफ्टला जोडलेले कर्ज, ज्यात खात्यात पडून असलेली शिल्लक त्या दिवसापुरती मुद्दलातून वजा धरली जाते. स्टेट बँकेचे 'मॅक्सगेन' हे याचे परिचित उदाहरण. अशा कर्जाचा दर किंचित अधिक असतो, म्हणून ज्याच्या खात्यात कायम मोठी शिल्लक राहते त्यालाच ते परवडते.

दर वाढतात तेव्हा काय होते हे २०२२-२३ ने दाखवून दिले, आणि कमी दराच्या शोधात हा अनुभव विसरता येणार नाही. ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता ३८,०१८ रुपये बसतो. वर्षभर हप्ते भरून मुद्दल ४८ लाख ७८ हजारांवर आले आणि दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ झाला, तर केवळ व्याजच महिन्याला ३७,५९८ रुपये होते, म्हणजे हप्त्यातील जेमतेम ४२० रुपये मुद्दलात जातात. पहिल्या सहा महिन्यांतच एवढी वाढ झाली असेल तर हप्ता व्याजालाही पुरत नाही. बँका अशा वेळी हप्ता न वाढवता मुदत वाढवत नेत, आणि पन्नाशीतल्या कर्जदाराचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे जाई. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बंद केले : दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराने ठरवायचे, हप्ता व्याजापेक्षा कमी पडू द्यायचा नाही, आणि भरलेले मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते व वार्षिक दर दाखवणारे विवरण दर तिमाहीला द्यायचे. हे विवरण वाचणे हा चालू कर्जाच्या दरावर लक्ष ठेवण्याचा सर्वांत साधा उपाय आहे, कारण रेपो उतरल्यानंतरच्या तिमाहीत दर तेवढाच उतरला की नाही हे त्यावरून लगेच कळते.

याच परिपत्रकाने कर्जदाराला दर बदलाच्या वेळी स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही देऊ केला होता. सप्टेंबर २०२५ मधील सुधारणेने तो पर्याय देणे न देणे बँकेच्या मर्जीवर सोडले, आणि त्याच वेळी स्प्रेडमधील इतर घटक तीन वर्षांची वाट न पाहता कर्जदार टिकवण्यासाठी घटवण्याची मुभा बँकांना दिली. ही मुभा १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू असली, तरी ती मुभाच आहे, कर्जदाराचा हक्क नाही. कोणाला, किती आणि कोणत्या निकषावर सूट द्यायची हे बँकेच्या धोरणावर अवलंबून राहते. परिणामी एकाच इमारतीत, सारख्याच उत्पन्नाची दोन कुटुंबे, एकाच बँकेच्या एकाच शाखेचे कर्ज, आणि तरी एकाचा स्प्रेड दुसऱ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने अधिक, असे आजही घडू शकते. गृहवित्त कंपन्यांच्या कर्जदारांना तर बाह्य मानदंडाचाही आधार नाही, आणि जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकाएवढाच दर मिळावा ही मागणी त्यांच्यापुरती आजही रूपांतर शुल्काच्या खिडकीतूनच करावी लागते.